वांग्यांचा खोडवो

परवा माघात माहेरी गेले होते. सकाळी चहाचा कप घेऊन मागल्या दारी आले, परसात पाय टाकला आणि थबकलेच. वांग्यांची ओळच्या ओळ कुणीतरी गुडघ्याएवढी छाटून ठेवली होती. पान नाही, फूल नाही, नुसते करडे खुंट आणि प्रत्येक कापल्या टोकाला शेणाचा टिळा. नवख्या माणसाला वाटावं, गुरं शिरून गेली. मला मात्र असा आनंद झाला की कप तिथेच गडग्यावर, परसाच्या दगडी कुंपणावर, ठेवला आणि वाफ्यात बसले. बसले म्हणजे या गुडघ्यांनी जेवढं बसू दिलं तेवढं. एका खुंटाच्या बेचक्यात हिरवा डोळा उघडला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. तो नखाने जरासा टोकरला आणि बोट नाकाशी नेलं. वांग्याच्या कोवळ्या पानाला उग्र, कडसर असा एक वास असतो. त्याला सुगंध म्हणायला कुणी धजणार नाही. पण माझं विचाराल तर अत्तराची कुपी तुम्ही ठेवा आणि मला तो वास द्या.

हे लिहायला बसले ती त्या वासामुळेच. गोष्ट जुनी आहे. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, यष्टी आमच्या बाजूला नुकती धावू लागली होती आणि मी मराठी शाळेत वरच्या वर्गात होते. घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. बाबा गलबतावर. रेडीपासून मुंबईपर्यंत माल वाहायचे आणि पावसाळ्यात बंदरं बंद झाली की घरी यायचे. दादा मुंबईला नोकरीत. आमच्या बाजूची घरं तेव्हा अशीच असायची, पुरुषांचे फोटो भिंतीवर आणि बायका विहिरीवर.

पाऊस सरला, भात घरात आलं, की आई परसाला हात घालायची. घरामागे विहीर, विहिरीपासून खाली उतरत गेलेली तांबडी माती आणि त्या मातीत तिने आखलेले वाफे. तांबडी भाजी, मुळा, मिरची, चवळी, गडग्यावर चढवलेला भोपळ्याचा वेल, आणि सगळ्यात मानाची जागा वांग्यांना. विहिरीवर पाणी काढायला लाट होती. एक लांब लाकूड, त्याच्या एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला पाण्याचं भांडं. भांडं खाली ओढून बुडवायचं आणि सोडायचं, दगडाच्या वजनाने ते आपसूक वर. तिचा कुरकुर आवाज आणि मागोमाग पाटात पडणारं पाणी, हा आमच्या घरचा गजर होता. त्या आवाजाने मी उठायची. ओल्या मातीचा आणि आदल्या दिवशी टाकलेल्या राखेचा मिळून एक वास यायचा, वर काजूला मोहर आलेला असायचा आणि माडांच्या पलीकडे समुद्राचं आपलं चालू असायचं. त्याच्याकडे कोण लक्ष देतो.

भाजी मुळासकट उपटणं आईला अजिबात खपायचं नाही. बाजारात मुळांसकट बांधलेल्या जुड्या बघून ती नाक मुरडायची. तांबडी भाजी ती विळ्याने कापायची, दोन बोटं देठ खाली राखून. हात लालभडक व्हायचे आणि थोड्या दिवसांत त्याच देठांना पुन्हा लाल पानं. वांग्यांचा पहिला बहर ओसरला की कोयती पाजळून परसात उतरायची. फांदी जिथे दुभंगते त्याच्या चार बोटं वर तिरका काप, कापावर शेणाचं बोट, मुळाशी राख, मग पाणी. "आता बघत रव, फुटवो येतलो," म्हणायची. आणि यायचाच. त्या दुसऱ्या बहराची वांगी जरा लहान, पण सुक्या सुंगटांत, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीत, ती शिजायला लागली की शेजारच्या भागीरथीकाकी हातात वाटी घेऊन सहजच म्हणून यायच्या.

या दुसऱ्या बहराचा आमच्या घरात एक रिवाज होता. पहिल्या बहरातली पहिली वांगी देवळात जायची, मग शेजारीपाजारी, पाहुणेरावळे. दुसऱ्या बहराचा पहिला तोडा मात्र ज्या बाईच्या हाताने छाटणी झाली तिचा. तिनेच खुडायचा, कुणाला काय द्यायचं ते तिनेच ठरवायचं, आणि ती घरात नसेल तर येईपर्यंत थांबायचं. आई म्हणायची, ही आमच्या धामापूरची पद्धत, माहेरची. दुसऱ्या कुणाच्या घरात ती मी पाहिली नाही. भागीरथीकाकी तर आईकडे बोट दाखवून मला सरळ म्हणायच्या, "ह्या सगळा तुझ्या आवशीन आपल्या मनान रचल्यान."

त्या वर्षी वैशाखात दादाचं लग्न झालं. मुलगी घाटावरची, कोल्हापूरकडची. दादाच्या चाळीत शेजारच्या खोलीत तिचे चुलते राहायचे, त्यांनी जमवलं. आमच्या गावात तोवर घाटावरची सून आली नव्हती, त्यामुळे नवरी बघायला वाडीच्या वाडी लोटली. रजा संपली तसा दादा मुंबईला गेला, खोली मिळाली की नेतो म्हणाला, आणि वहिनी राहिली आमच्याकडे. उंच, हाडापेराने भक्कम, गालाला खळी. पण ती खळी दिसायला आधी हसावं लागतं, आणि हसायचं तिला सुचत नव्हतं. आईला ती 'आत्याबाई' म्हणायची आणि मला 'वन्सं'. माझ्याएवढ्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी वन्सं म्हटलं. मी दोन दिवस शाळेत नाक वर करून फिरत होते.

भाषेचा सगळा घोटाळा. आमच्याकडे 'आण' नाही म्हणत, 'हाड' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात आई चुलीपुढून म्हणाली, "कळसो घे, पाणी हाड गो." वहिनीने कळशीला हात लावला नाही. ती आत गेली आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून रडत बसली. मी विचारलं तर म्हणते, "वन्सं, मला कुत्र्यावानी हाड हाड करत्यात." मी हसून लोळले. मग तिला शब्द समजावला, तिला तो समजलाही, पण त्यानंतरही आई 'हाड' म्हणाली की तिच्या खांद्याला एक झटका बसायचा तो बसायचाच. त्यात मासळीचा वास. आई बांगडे साफ करायला बसली की वहिनी पदर नाकाला लावून पार विहिरीपलीकडे. दमट हवेने अंगभर घामोळं उठलेलं. नवरा मुंबईत. आता मोठेपणी कळतं, तिच्या जागी मी असते तर पहिल्याच यष्टीने पळाले असते.

दिवाळी झाली आणि एक दिवस विहिरीवर भांडी घासता घासता ती मला म्हणाली, "शिमग्याला आबा न्यायला येणार हाईत. एकदा गेले की परत यायची न्हाई बघा, वन्सं."

आबा म्हणजे तिचे वडील. तिच्या येण्याने मला कुणीतरी मिळालं होतं. ती माझी पाच पेडांची वेणी घालायची, माझ्याशी सागरगोटे खेळायची, घाटावरच्या जत्रेतल्या कुस्त्या मला हातवारे करून दाखवायची. ती गेली तर परत आई, मी आणि ती लाट. मी काही गोष्ट पोटात ठेवणारी नव्हे. त्याच संध्याकाळी आईला सांगून टाकलं. आई तांदूळ पाखडत होती. सूप जरा थांबलं.

"जातला तर जाऊंदे," आई म्हणाली. "बांदून घालूक ता काय गोरू आसा?"

बोलली खरी अशी. पण रात्रीच्या आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, आणि आईच्या हातून असं कधी होत नसे.

पौषात वांगी ऐन भरात आली. लांबट, जांभळी, बुडाशी हिरव्या रेघांची. एके सकाळी आईच्या अंगात कणकण होती म्हणून ती पडवीत घोंगडी घेऊन पडली होती आणि मी शाळेला निघाले होते. आई पडल्या पडल्या म्हणाली, "गो, परसातली वांगी काडून हाड."

'हाड' ती शिकली होती. घात केला तो 'काड'ने. आमच्याकडे वांगी काडायची म्हणजे झाडावरची फळं खुडायची. तिच्या गावाला भुईमूग काढतात, हळद काढतात, आणि तिथे काढणं म्हणजे मुळासकट. फळांनी लगडलेली झाडं काढायची कशाला, असं तिलाही वाटलं होतं, तिने मला नंतर सांगितलं. पण आत्याबाईंना वाफा मोकळा करायचा असेल, आणि नाहीतरी या मुलखाचं सगळंच उलटं, असं म्हणून तिने पदर खोचला.

दुपारच्या सुट्टीत मी जेवायला घरी आले तर मागल्या दारात वहिनी उभी. दोन्ही हातांच्या कवेत वांग्यांची झाडं. मुळांची माती झटकलेली, बुडखे एका रेषेत लावलेले, मधे सुतळीने मोळी आवळलेली आणि मोळीतून चहूबाजूंनी वांगी लोंबतायत. काम कसं अगदी नेटकं. तिच्या तोंडावर घाम होता आणि कितीतरी दिवसांनी ती खळी होती.

"काडून हाडली," ती म्हणाली. आमच्या भाषेत बोललेलं तिचं पहिलं वाक्य ते.

आई घोंगडी सावरत आली. तिने मोळीकडे पाहिलं, मग मागच्या मोकळ्या वाफ्याकडे, मग पुन्हा मोळीकडे. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता काही खरं नाही. आणि हसण्याचा आवाज आला. आई उंबऱ्यावर बसून पोट धरून हसत होती. अंगात ताप, डोळ्यांतून पाणी, आणि हसू आवरेना. "आगो बाये, वांगी म्हणजे फळां गो, झाडां नाय." वहिनीला आधी कळेना. मग कळलं तसा तिचा चेहरा उतरत गेला. मोळी तिने टाकली नाही. उलट अजून घट्ट धरली आणि तशीच उभी राहिली, ओठ आवळून.

तेवढ्यात गडग्यावरून भागीरथीकाकींचं डोकं वर आलं. "काय गो, तुमच्या घाटावरच्या सुनेन वांगी उपाटल्यान की काय?"

आईचं हसू जागच्या जागी थांबलं. "छाटणीक काडलीत ती," ती ठणकावून म्हणाली. "मीयाच सांगलंय. छाटून परत लावची आसत."

काकींचं डोकं खाली गेलं. आईने आमच्याकडे वळून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आता लावूकच व्हयी."

बहरातली झाडं उपटून पुन्हा लावायचा उद्योग आईनेही जन्मात कधी केला नव्हता. पण काकींना सांगून बसली होती, आता माघार नाही. ताप कुठे पळाला कोण जाणे. वांगी खुडून टोपली भरली. पुढे कितीतरी दिवस आम्ही तिन्ही त्रिकाळ वांगीच खाल्ली. झाडांची मुळं विहिरीजवळच्या डोणीत, दगडी कुंडात, बुडवून सावलीला ठेवली. ऊन कललं तशा आम्ही तिघी परसात गेलो. आईने कोयती वहिनीच्या हातात दिली.

"तूच छाट."

"मी? आणि वाटोळं हुईल, आत्याबाई."

"होवचा ता होऊन गेला. छाट."

आईने कुठे कापायचं ते दाखवलं. पहिल्या झाडाला वहिनीने कोयती दोनदा टेकवून मागे घेतली. दुसऱ्याला एकदाच. नंतर एकदम तिचा हात सफाईने चालायला लागला आणि ती स्वतःशीच म्हणाली, "म्हंजी खोडवाच की ह्यो."

"काय म्हणालंस?"

"खोडवा. आमच्यात ऊस तोडला की बुडखा ठिवत्यात, आत्याबाई. पयला ऊस लागणीचा. तो गेला की त्याच बुडख्यातनं फुटून येतोय तो खोडवा. बुडखा जमिनीसरसा तासायचा, वाळलं पाचट सरीत अंथरायचं, म्हंजी जमीन गार ऱ्हाते, मग पाणी. माझ्या आबांचा खोडवा बघाय चार गावची माणसं येत्यात."

लग्न झाल्यापासून एका दमात ती एवढं बोलली नव्हती. बोलताना कोयती चालूच होती. आई मातीचे खड्डे करता करता ऐकत होती. मधेच उठली, फणसाखालचा सुका पाला टोपलीभर गोळा करून आणला आणि म्हणाली, "पाचट नाय. ह्या चलात?" वहिनी हसली. चालेल म्हणाली. दिवस मावळेपर्यंत ओळ पुन्हा उभी राहिली. मुळाशी पाला, वर माडाच्या झावळ्यांची सावली. दिसायला सगळं भिकार दिसत होतं, खरं सांगायचं तर. भागीरथीकाकी दुसऱ्या दिवशी बघून गेल्या आणि तोंडाला पदर लावून गेल्या.

तो शब्द मात्र आमच्या घरात राहिला. आईने त्याला आपला करून घेतला: खोडवो. मग ताटात दुसऱ्यांदा भात वाढला की खोडवो. त्याच पुडीला पुन्हा उकळी आणून केलेला चहा खोडवो. जुन्या लुगड्याची गोधडी खोडवो. त्या वर्षी मी गणितात आपटले आणि पुन्हा परीक्षेला बसले, तर पावसाळ्यात घरी आलेल्या बाबांना आई म्हणाली, "चेडवाचो खोडवो बरो इलो." म्हणजे पोरीचा दुसरा बहर बरा आला. बाबांना कळेना, आपण नसताना घरात ही कुठली भाषा शिरली.

पौष सरला, माघ लागला. सकाळी लाटेचा आवाज आता निराळा यायचा, भराभर आणि जोरकस, कारण आईच्या आधी उठून वहिनी पाणी काढायची. झाडांचे नुसते खुंट. ती रोज एकेका खुंटापाशी वाकून बघायची. आई म्हणाली, तेंका माशे धुतलला पाणी घालूक व्हया. वहिनीने पदराचा बोळा नाकाशी धरला, बादली लांब हाताने धरली आणि श्वास रोखून ओतलं. मी गडग्यावर बसून तिची नक्कल करायची. ती ओल्या हाताने माझ्यावर पाणी उडवायची, तेच पाणी, आणि मी किंचाळत पळायची. काही दिवसांनी पदर नाकावरून खाली आला. कधी आला ते माझ्या लक्षात आलं नाही, तिच्याही आलं नसावं.

आणि एका सकाळी तिची हाक आली, "वन्सं, डोळा आला." मी चूळ तशीच तोंडात घेऊन धावले. खुंटाच्या बेचक्यात हिरवा टिपका. मग शेजारच्या खुंटाला. मग सगळ्या ओळीला. काही मेली, खोटं कशाला बोलू, पण बहुतेक जगली. आई आली, तिने पाहिलं, मुळाशी चिमूटभर राख टाकली आणि आत गेली. त्या दिवशी जेवणात तिने उगीचच खीर केली.

लग्नाच्या मांडवात भाषणं करणारी माणसं हल्ली सांगतात, मुलगी म्हणजे रोप, इथून उपटायचं, तिथे लावायचं, की रुजतं. ऐकलं की माझं डोकं फिरतं. रोपाला कुणी विचारत नाही. वहिनी बोलतं चालतं माणूस होती आणि तिने आपलं सांगून ठेवलं होतं. शिमगा जवळ येत होता. रानात काजूचे बोंडू लाल झाले, देवळाकडून ढोल ऐकू यायला लागले. दरवर्षी मी ढोलाच्या मागे धावायची. त्या वर्षी ढोल वाजला की मला रडू यायचं.

होळी झाली आणि आबा आले. पटका, करकरीत वहाणा, खांद्यावर गुळाची ढेप. चहा पिऊन झाल्यावर ते आपले परसात गेले, शेतकऱ्याला परस दिसलं की बसवत नाही. वांग्यांना जांभळी फुलं आली होती. आबांनी एक पान उलटून मागची बाजू पाहिली, खाली वाकून पाल्याखालची माती दोन बोटांत घेतली.

"खोडवा कुणी राखला ह्यो?"

"तुमच्या लेकीन," आई म्हणाली.

आबांनी मान डोलावली आणि विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी वहिनीची ट्रंक भरली. सगळी लुगडी भरली, फणी भरली, आरसा भरला, मागे काही ठेवलं नाही. आईने ओटी भरली. मी आईला दारामागे ओढलं. "आये, सांग ना तिका, परत ये म्हणान."

"सांगल्यार येता तो पावणो," आई म्हणाली. "घरचा माणूस आपसून येता."

मला आईचा इतका राग आला. यष्टी आली, वहिनी चढली, खिडकीशी बसली, आणि मी रस्त्यात उभी राहून सगळ्यांदेखत रडले. आई बसच्या धुळीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, चल, झाडांका पाणी घालूचा आसा.

वांगी धरली. अंगठ्याएवढी झाली, मुठीएवढी झाली, चकाकायला लागली. आणि आई कुणाला हात लावू देईना. छाटणी तिची, तोडा तिचा. रिवाज म्हणजे रिवाज. मागल्या दारी वांगी लोंबतायत आणि आम्ही रोज कुळथाची पिठी ओरपतोय, असला प्रकार. पाडवा गेला. वांग्यांची चकाकी गेली. एकेक वांगं बुडाकडून पिवळट पडायला लागलं.

"जून झाली गो ती," भागीरथीकाकी गडग्यावरून म्हणाल्या. "काड आता. ता काय येवचा नाय."

"बियाक ठेवलंय," आई म्हणाली. काकींना द्यायला उत्तर नाही असं आईच्या बाबतीत कधी झालं नाही.

"एवढी सगळी बियाक?"

"व्हय. सगळी."

पण एका दुपारी मी तिला त्या ओळीत नुसती उभी पाहिली. हातात विळा नाही, कळशी नाही. मी जवळ गेले आणि विचारलं, "आये, नाय इली तर?" माझी वेणी सुटली होती ती आईने तिथेच उभ्याने घातली, आपली साधी तीन पेडांची.

चैत्र संपत आला होता. दुपारची वेळ, आई भाकऱ्या थापत होती, मी चुलीत माडाची सुकी चुडतं सारत होते. मागून पावलं वाजली, काहीतरी जड गडग्यावर ठेवल्याचा आवाज झाला. मग परसातून हाक.

"आये, ह्या काय केलात? सगळी वांगी जून झाली मगे. काडूक काय झाला होता?"

आम्ही दोघी धावलो. वहिनी वांग्यांच्या ओळीत उभी होती. अंगावर प्रवासाचं लुगडं, त्यावर धुळीचा थर, कपाळावर घाम. आबांनी बसमध्ये बसवून दिलं होतं आणि फाट्यापासून ट्रंक डोक्यावर आणि एक पोतं काखेला घेऊन ती एकटी चालत आली होती. हातात एक पिवळं वांगं धरून ती आईला जाब विचारत होती. आत्याबाई नाही, आये म्हणत होती.

आईच्या हाताला पीठ होतं. "तुझो तोडो," ती म्हणाली, "मी कित्याक काडू?" आणि रडायला लागली. आईला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिने तोंड लपवलं नाही, पिठाचे हात दोन्ही बाजूंना धरून ती सरळ उभ्याने रडली. मग मीही भोकाड पसरलं. गडग्यापलीकडे भागीरथीकाकी होत्याच. त्यांनी डोळे पुसले आणि थोड्या वेळाने जून तर जून म्हणून चार वांगी मागून नेली. वहिनीने दिली, तोडा तिचा होता.

पुढे दादाला मुंबईत खोली मिळाली. वहिनी तिथे एक हिवाळा राहून आली आणि दादाला म्हणाली, रजा मिळेल तसे तुम्हीच या. आता ती ऐंशीच्या पुढे गेली आहे. खुर्ची टाकून बसते, बसल्या बसल्या छाटते आणि नातसुनांवर मालवणीतून ओरडते. परवाची ती ओळ तिचीच. मी वाफ्यात बसलेली पाहून मला म्हणाली, "वन्सं, उठाक येता मां? नायतर तुमकाय छाटूक व्हया." आणि अशी हसली की मला उठता येईना.

पण त्या चैत्रातल्या दुपारचं अजून एक राहिलं. रडणं आटपलं, भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा वहिनीने ट्रंकेबरोबर आणलेलं पोतं सोडलं. ओलं किलतान, आत उसाच्या कांड्या, एकेका कांडीला फुगलेले डोळे. "आबांनी बेणं दिलंय," ती म्हणाली. "पाटाच्या कडंला लावू या."

आईने एक कांडी हातात घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. वहिनीकडे न बघता तिने विचारलं, "हेका किती दिस लागतत गो?"

"वरीसभर, आये. मग दुसऱ्या सालाला खोडवा. मग तिसऱ्या सालाला त्याचाच निडवा."

आई त्या कांडीकडे बघत राहिली. मग तिने पदराने तोंड पुसलं, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि भरल्या उन्हात पाटाच्या कडेने सरी ओढायला लागली.